वर्लिनचं सर्कल आणि लवॉनचं दार

आमच्या मर्ल क्रॉसिंगमध्ये टोर्नेडो कशामुळे येतात हे ठाऊक नसलेली एकच व्यक्ती आहे. ती म्हणजे शाळेत विज्ञान शिकवणाऱ्या मिसेस फिक्सिको. बाकी झाडून सगळ्या गावाला ठाऊक आहे.

आमचे पाद्री ब्रदर रॉइस सांगतात, काउंटीने रविवारी दारूचं दुकान उघडं ठेवायला परवानगी दिली तेव्हापासून हे सुरू झालं. त्याच्या कितीतरी आधी त्यांच्याच आजोबांचं कोठार उडालं होतं, ते कशामुळे, असं विचारलं की त्यांना खोकला येतो. कॅफेवाला डब म्हणतो, टेकडीवरच्या पवनचक्क्यांनी हवेची चाल बिघडली. कंपनीने त्याच्या मेव्हण्याच्या रानात सहा चक्क्या उभ्या केल्या आणि डबच्या रानात एकही नाही, ह्याचा त्याच्या मताशी काही संबंध नाही, असं तो कुणी न विचारताच सांगतो. माझंही एक मत आहे. माझा पहिला नवरा गावात आला की आठ दिवसांत वादळ येतं. पण आमच्याकडे एप्रिल-मेमध्ये तसंही दर आठवड्याला वादळ येतं, त्यामुळे माझा पुरावा अजून कच्चा आहे.

एकूण काय, ज्याचा ज्याच्यावर आधीपासून राग, त्याच्या मते टोर्नेडो तिथून येतो. मिसेस फिक्सिको बिचाऱ्या सांगतात, दक्षिणेच्या आखातावरून ओली गरम हवा येते, पश्चिमेकडून कोरडी येते, आणि वरून थंड वारा तिसऱ्याच दिशेने वाहतो. तिघांची गाठ आमच्या डोक्यावर पडते. मग शेजारशेजारच्या दोन ढगांपैकी एकाला सोंड फुटते आणि दुसऱ्याला नाही, ते का? "ते अजून नक्की सांगता येत नाही." आता ह्यात शिव्या कुणाला घालायच्या? म्हणून त्यांचं कुणी ऐकत नाही.

ह्या सगळ्यांचा मुकुटमणी माझ्या शेजारी राहतो. वर्लिन प्रूइट. वय अडुसष्ट. अंगाने बांबू, त्याला गॅलीस लावलेली पँट, वर बियाणांच्या दुकानातली टोपी, जी तो फक्त चर्चमध्ये आणि आंघोळीला काढतो. आंघोळीचं मी त्याच्या बायकोकडून ऐकलंय, नाहीतर नसते वाद व्हायचे.

वर्लिनने तीस वर्षं काउंटीचे कच्चे रस्ते सपाट करणारं यंत्र चालवलं. निवृत्त झाल्यावर तो कलिंगडं विकायला लागला. जागा नामी होती. गावाबाहेर दोन रस्ते एकमेकांना छेदतात, तिथे चारही बाजूंना थांबण्याच्या पाट्या होत्या. आमचे लोक असे, की चार गाड्या एकदम आल्या की चौघंही थांबणार आणि एकमेकांना हात करणार. तू जा. छे छे, तू आधी. अहो बाई, तुम्ही व्हा पुढे. ह्या सभ्यपणात चांगली पाच मिनिटं जायची, आणि तेवढ्यात वर्लिन ट्रकच्या मागच्या फळीवर कलिंगड कापून लाल फोड नाकासमोर धरायचा. निम्मी काउंटी त्याच्याकडून कलिंगड घ्यायची, ते निव्वळ आधी जायला लाजून.

मग राज्याच्या रस्ते खात्याचे लोक आले. त्यांनी पाट्या उपटल्या आणि मधोमध गोल बेट बांधून सर्कल केलं. आता कुणी थांबत नाही. उजवीकडून शिरायचं, घड्याळाच्या उलट अर्धा फेरा मारायचा आणि निघून जायचं. त्या उन्हाळ्यात वर्लिनची कलिंगडं ट्रकमध्येच आंबली. माझ्या कुंपणापर्यंत वास येत होता.

आणि त्याच ऑगस्टमध्ये, योगायोग बघा, वर्लिनला टोर्नेडोचं कारण सापडलं.

ते त्याला वाचनालयात एका जुन्या मासिकात सापडलं. कधीकाळी काही विद्वानांनी शंका काढली होती म्हणे, की आपल्या देशात गाड्या रस्त्याच्या उजव्या बाजूने चालतात, टोर्नेडोचं मूळ त्यातच असावं. दोन गाड्या एकमेकींशेजारून गेल्या की हवेला एक पीळ पडतो, आणि तो नेमका घड्याळाच्या उलटा असतो. आमच्याकडच्या सोंडाही बहुतेक तशाच फिरतात. बाकीच्या विद्वानांनी ह्या शंकेची सालटी काढली होती, पण ती पुढच्या पानावर. पान उलटायला वर्लिनला सवड झाली नाही. तो तडक घरी आला, अंगणातली घडीची खुर्ची उचलली आणि सर्कलच्या कडेला जाऊन गाड्या मोजायला बसला.

"पिळतात, ट्वायला, हवेला पिळतात," तो मला कुंपणावरून सांगायचा. "धुणं पिळतो ना, तसं. नुसत्या मंगळवारी चौदाशे बारा फेरे. इतका पीळ भरल्यावर तो कुठेतरी सुटणारच की नाही?"

"मग तो सर्कलवरच का सुटत नाही? रस्ते खात्याचं तेवढं तरी जाईल."

"गुंडाळी इथे होते, सुटते लांब. किल्लीची गाडी नाही का, किल्ली इथे देतो आणि ती पळते तिकडे."

"आणि सर्कल बांधायच्या आधीचे टोर्नेडो?"

"ते साधे होते," वर्लिन म्हणाला. एकोणीसशे कितीतरी साली त्याच्या आजीची गाय शेजारच्या गावच्या शाळेच्या व्हरांड्यात सापडली होती, तो टोर्नेडोही साधाच असणार. गाईला विचारायला हवं.

त्यावर उपाय त्याच्याकडे तयार होता. सर्कलला सम तारखेला नेहमीसारखा वळसा आणि विषम तारखेला उलटा. म्हणजे पीळ भरला तसा सुटेल. हे नगरसभेला पटवायला त्याने कपडे धुवायच्या जुन्या पत्र्याच्या टबात सिमेंट ओतून सर्कलची प्रतिकृती केली. मधलं बेट हिरवं, रस्ते काळे, त्यावर खेळण्यातल्या बावीस गाड्या पक्क्या चिकटवलेल्या. उचलायला मधोमध लोखंडी कडं, आणि खाली चाकांची फळी. सभेने त्याला तीन मिनिटं दिली होती. ती प्रतिकृती सभागृहाच्या दोन पायऱ्या चढवण्यात सात मिनिटं गेली. सभेने आभार मानले. प्रतिकृती घरी परत आली आणि मागच्या ओट्यावर ठाण मांडून बसली, बरोबर जिथे लवॉनची खुर्ची असायची तिथे.

लवॉन म्हणजे वर्लिनची बायको. ठेंगणी, गोल, आणि आमच्या रस्त्यावरचं सगळं शहाणपण एकटीने सांभाळणारी. आता खरी गोष्ट तिच्या दाराची आहे.

आमच्या दोन घरांना मिळून एक तळघर आहे, लवॉनच्या परसात. तिच्या वडिलांनी हाताने खणलेलं, वादळात उतरायला. त्याचं दार जमिनीवर तिरपं पडलेलं, ओकच्या फळ्यांचं, वरून लोखंडी पत्रा मारलेला. सरळ उचलायचं तर दोन धट्टेकट्टे माणसं लागतील. पण लवॉनच्या वडिलांनी डोकं चालवलं होतं. दाराच्या टोकाला तार, ती तार ओट्याशेजारच्या खांबावरच्या कप्पीवरून पलीकडे, आणि पलीकडच्या टोकाला भंगार लोखंडाने भरलेली बादली. बादली खाली यायची, दार वर जायचं. एका हाताने.

गेल्या ऑक्टोबरात बादलीचं बूड गंजून गळालं. भंगार खाली, तार लोंबकळलेली, दार ठप्प.

"शनिवारी बसवतो," वर्लिन म्हणाला.

आमच्याकडे दर शनिवारी दुपारी बाराला वादळाचा भोंगा वाजवून बघतात, चालतोय की नाही ते. त्या शनिवारी भोंगा वाजला तशी लवॉन ओट्यावर आली, दाराकडे बघितलं, मग वर्लिनकडे बघितलं.

"पुढच्या शनिवारी नक्की," वर्लिन म्हणाला. "आज शनिवारची रहदारी मोजायचीय."

पुढच्या शनिवारी त्याला बादली मिळेना. त्याच्या पुढच्या शनिवारी बादली मिळाली, तर तिच्यात त्याने सिमेंट कालवलं. मग थँक्सगिव्हिंग आलं, मग नाताळ आला, मग थंडी. प्रत्येक शनिवारी बाराला भोंगा वाजायचा, लवॉन ओट्यावर यायची, दाराकडे बघायची, नवऱ्याकडे बघायची आणि आत जायची. मी माझ्या खिडकीतून बघायची. खोटं कशाला सांगू, मला तो कार्यक्रम आवडायला लागला होता.

जानेवारीत लवॉनच्या खुब्याच्या सांध्याचं ऑपरेशन झालं. डॉक्टरांनी सांगितलं, दुधाच्या डब्यापेक्षा जड काही उचलायचं नाही. माझा उजवा खांदा तर जुनाच अधू. म्हणजे दोन घरांत मिळून दार उचलू शकेल असा एकच माणूस, आणि तो सर्कलवर खुर्ची टाकून बसलेला.

मार्चमध्ये लवॉनने निळी सुटकेस बाहेर काढली आणि दिवाणखान्यात दाराशी उभी करून ठेवली.

"ही कशाला?" वर्लिनने विचारलं. मी तेव्हा साखर मागायला गेले होते. साखर माझ्याकडे होती, पण ते जाऊ दे.

"नॉर्मा जीनकडे जायला." नॉर्मा जीन ही तिची बहीण, ॲरिझोनात असते. "तिच्याकडचं आकाश गप्प बसतं. हे बघ, वर्लिन, नीट ऐक. मोसम सुरू झालाय. भोंगा खरा वाजला आणि ते दार उघडलं नाही, तर वाचले तर मी निघाले. आणि नाही वाचले तर तुझी रहदारी तेवढी एका गाडीने वाढेल, माझ्या अंत्ययात्रेच्या."

"अगं, मी अख्ख्या काउंटीचे टोर्नेडो थांबवायच्या मागे आहे!"

"थांबव ना. त्याआधी माझं एवढं दार उचलून दे."

"शनिवारी," वर्लिन म्हणाला.

एप्रिलच्या शेवटी पलीकडच्या दोन राज्यांत मोठा तडाखा बसला. दोन दिवसांत चाळीसच्या वर टोर्नेडो. टीव्हीवर नुसते घरांचे चौथरे दिसत होते, वरती घरं नव्हतीच. दुसऱ्या दिवशी डबच्या कॅफेत बसायला जागा नव्हती. ग्रेव्हीत बुडवलेली मऊ, पावासारखी बिस्किटं खात खात प्रत्येक जण त्या माणसांची हळहळ करत होता, आणि हळहळ संपली की आपापलं कारण बाहेर काढत होता.

"रविवारची दारू," ब्रदर रॉइस म्हणाले.

"ब्रदर, तिकडे रविवारी दुकानं बंदच असतात," मी म्हणाले.

"तर मग घरात साठवत असणार."

"चक्क्या आहेत तिकडे," डब कॉफी ओतत म्हणाला. "शेकड्यांनी. मी बघून आलोय."

"आणि सर्कल किती आहेत ते बघितलंस का?" वर्लिनने वही उघडली. "सतरा! एकट्या एका गावात तीन! अरे, इतकं उघड आहे, आणि कुणाला दिसत नाही!"

कोपऱ्यातून मिसेस फिक्सिको म्हणाल्या, "पुढच्या सोमवारी हीच हवा आपल्याकडे येण्याची शक्यता आहे. तुम्हा सगळ्यांची तळघरं ठीक आहेत ना?"

सगळे एकदम त्यांच्याकडे वळले. जणू जेवताना त्या काही घाण बोलल्या होत्या. मग डबने विचारलं, "बाई, पण तुमच्या मते कारण काय?" त्या म्हणाल्या, "नक्की सांगता येत नाही." सगळे सुटकेचा निःश्वास टाकून पुन्हा आपापल्या कारणांकडे वळले. वर्लिन तर तळघर हा शब्द ऐकून वहीत जास्तच वाकला.

शनिवार आला. भोंगा वाजला. लवॉन ओट्यावर आली. हा अठ्ठाविसावा शनिवार. मी नाही, ती मोजत होती.

"सोमवारच्या आत बसवतो," वर्लिन म्हणाला. निदान ह्या वेळी वार बदलला.

सोमवारी सकाळपासूनच हवा अंगाला चिकटत होती. दक्षिणेचा वारा असा, की दोरीवरची चादर आडवी. शाळा बंद. टीव्हीवर नकाशा जांभळा झालेला आणि त्यात आमची काउंटी बरोबर मधोमध. हवामानवाल्याने अकरा वाजता कोट काढला, दोन वाजता बाह्या वर केल्या. त्याने बाह्या वर केल्या की आमच्याकडे लोक हेल्मेट शोधायला लागतात.

मी सायकलचं हेल्मेट, पाण्याच्या बाटल्या, घराचे कागद आणि माझं मांजर घेऊन लवॉनकडे गेले. मांजर उशीच्या खोळीत, तोंड बांधून. खोळीचं, मांजराचं नव्हे. लवॉनने अक्रोडासारख्या दाण्यांचं गोड सारण भरलेला पेकन पाय करून ठेवला होता. वादळ आलं तर तळघरात खायला, नाही आलं तर वर खायला.

जेवण झाल्यावर वर्लिन टोपी घालून उठला.

"कुठे?" लवॉन.

"नवी बादली आणतो. आणि येताना थोडं सर्कलवर..."

"वर्लिन."

"चार वाजता परत! चारला दार उघडून देतो, उघडंच ठेवतो, मग तर झालं?"

चार वाजले. साडेचार वाजले. नैर्ऋत्येचं आकाश हिरवट पडलं, जुन्या मुक्या मारासारखं. पाच वाजून दहा मिनिटांनी भोंगा वाजला. भोंगा तोच, शनिवारचाच. पण वार सोमवारचा.

आता आमच्याकडची खोड सांगते. भोंगा वाजला की शहाणी माणसं खाली जातात आणि आमची माणसं बाहेर येतात, बघायला. अख्खा रस्ता ओट्यांवर उभा होता, हात कमरेवर ठेवून. मीही गेले. टेकडीपलीकडे ढगाचं बूड खाली आलं होतं आणि त्यातून सोंड अर्धी उतरली होती. आधी ती डावीकडून उजवीकडे सरकत होती. मग हलेनाशी झाली. सोंड हलेनाशी झाली की ती तुमच्याकडेच येत असते. हे आमच्याकडे लहान पोरालाही माहीत आहे. रस्ता एका क्षणात रिकामा झाला.

लवॉनने फोन लावला आणि आवाज मोठा केला.

"कुठे आहेस?"

"सर्कलवर!" मागे टायर करकरत होते. "मी उलटा फिरतोय, लवॉन! चौतीस फेरे झाले! ती बारीक होतेय!"

"दार, वर्लिन!"

"अजून दहा! फक्त दहा! तुला कळत नाही, मी तिला उलगडतोय..."

लवॉनने फोन बंद केला. ती ओरडली नाही, रडली नाही. काठी टेकत ओट्यावर गेली आणि आपल्या खुर्चीच्या जागेकडे बघत उभी राहिली. तिथे ते सिमेंटचं सर्कल बसलं होतं, बावीस गाड्या घेऊन, चाकांच्या फळीवर, मधोमध ते कडं.

"ट्वायला," ती म्हणाली, "त्या लोंबणाऱ्या तारेचं टोक दे इकडे."

मी दिलं. खोटं वाटेल, पण त्या घटकेलाही मला हसू फुटलं. तिने तारेचा आकडा कड्यात अडकवला, वर धुण्याच्या दोरीने चार वेढे दिले, ओट्याच्या कठड्याची खालची फळी काठीने ठोकून काढली आणि म्हणाली, "डॉक्टरांनी उचलू नको म्हटलंय. ढकलू नको असं कुठे म्हटलंय?"

आम्ही दोघींनी पाठ लावली. चाकं कुरकुरली, हलली, आणि वर्लिन प्रूइटचं सर्कल ओट्यावरून खाली गेलं. तार ताणली, कप्पी किंचाळली, आणि ते दार, सात महिने न हललेलं दार, असं वर आलं जसं कुणी झोपेतून उठतं. तीन-चार गाड्या निखळून उडाल्या, त्यातली एक माझ्या हेल्मेटवर बसली.

आम्ही उतरलो. आधी मांजर, मग लवॉन, मग पेकन पाय, मग मी. साखळी ओढून दार मिटलं, अडसर घातला. आत भेंडीच्या लोणच्याच्या बरण्या आणि लवॉनच्या वडिलांचं बाक. वर गारा पत्र्यावर पडायला लागल्या. टोपलीभर दगड ओतावेत तशा.

आणि मग दारावर धपाधप बुक्के.

"लवॉन! उघड! लवॉन!"

मी अडसराकडे हात नेला. लवॉनने काठी आडवी धरली.

"कोण आहे?"

"कोण म्हणजे? मी! गाडीची समोरची काच फुटली, बाई! गारा टोमॅटोएवढ्या आहेत!"

"किती फेरे झाले?"

"चव्वेचाळीस! उघड!"

"आणि सोंड?"

बुक्के थांबले. मग दाराच्या फटीतून, अगदी बारीक आवाजात: "जाड झाली."

लवॉनने एका हाताने दार वर ढकललं. एका हाताने. वर्लिन पायऱ्यांवरून घरंगळत आत आला, टोपीत गारा, कपाळावर टेंगूळ. आम्ही पुन्हा दार मिटलं, आणि मग तो आवाज आला. त्याचं वर्णन सगळे मालगाडीसारखा म्हणून करतात. मला विचाराल तर कुणीतरी अख्खं गाव दातांनी फाडतंय असा वाटला. कान दुखले. अडसर थरथरला. वर्लिनने लवॉनचा हात धरला, आणि तिने धरू दिला. तेवढं मी बघितलं. पुढे मी डोळे मिटले.

चार मिनिटांनी सगळं शांत. वर्लिनने मान वर केली आणि पहिला प्रश्न विचारला:

"दार कुणी उचललं?"

"तुझ्या सर्कलने," लवॉन म्हणाली आणि पेकन पाय कापायला घेतला.

सोंड आयत्या वेळी ईशान्येला वळून मैलभर लांबून गेली होती. दारूच्या दुकानाचं छप्पर गेलं, आणि शेजारच्या चर्चच्या बसची शेडही गेली; त्यामुळे ब्रदर रॉइसना त्या रविवारी प्रवचनाचा विषय बदलावा लागला. टेकडीवरच्या चक्क्या जशाच्या तशा उभ्या, डबचं कोंबड्यांचं खुराडं मात्र गायब. आमच्या गावात कुणी मेलं नाही, म्हणून मी हे हसत लिहितेय. त्याच दुपारी शेजारच्या काउंटीत दुसरी सोंड उतरली. तिथल्यांना जाऊन कुणी आपलं कारण सांगून दाखवावं, मग मी बघते.

आणि वर्लिन? वर्लिन दोन दिवसांत हिरो झाला. तो म्हणाला, चव्वेचाळीस उलट्या फेऱ्यांनी सोंड वळली. कॅफेत लोकांनी माना डोलावल्या. मिसेस फिक्सिको म्हणाल्या, "पण त्या वळतात. पुष्कळदा आपणहून वळतात." त्यांना कुणी कॉफीसुद्धा विचारली नाही. आभाळ भरून आलं की आता गावातली निम्मी माणसं सर्कलला उलटा वळसा घालतात आणि निम्मी सुलटा. त्यात जेवढ्या गाड्या चेपल्या तेवढ्या टोर्नेडोनेही चेपल्या नव्हत्या. नगरसभेने वर्लिनला बोलावणं पाठवलं. ह्या वेळी पंधरा मिनिटं. प्रतिकृतीसकट.

प्रतिकृती तर तारेला लटकत होती.

शनिवारी बाराला भोंगा वाजला. लवॉन ओट्यावर आली, तर वर्लिन आधीच परसात. नवी बादली, भंगार लोखंड, आकडा, पकड, सगळं मांडून बसलेला. मी खिडकीतून कुंपणाशी आले; असं काही बघायला मिळणार म्हटल्यावर खिडकी लांब पडते. लवॉन आत गेली आणि केक भाजताना लावायचा टायमर घेऊन आली. किल्ली देऊन कठड्यावर ठेवला.

वर्लिनने दार टेकू लावून वर धरलं, सर्कल सोडवलं, बादली अडकवली, दोनदा दार उघडून-मिटून बघितलं आणि कपाळ पुसलं.

"बघ! झालं! म्हटलं होतं ना, शनिवारी करतो!"

लवॉनने टायमर उचलला.

"वीस मिनिटं," ती म्हणाली.

"हो ना, काही अवघड नव्हतंच."

"वीस मिनिटं, वर्लिन. आणि तीही सोमवारी सभेला सर्कल न्यायचंय म्हणून."

वर्लिनने पकड खाली ठेवली. माझ्याकडे बघितलं. मी कुंपणावरची वेल बघायला लागले. लवॉन आत गेली आणि निळी सुटकेस घेऊन आली. ती तिला उचलायची नव्हतीच. सुटकेसला चाकं होती.

"अगं, पण दार उघडलं होतं ना! तू म्हणाली होतीस, दार नाही उघडलं तर!"

"मी उघडलं," लवॉन म्हणाली.

मी तिला बसस्थानकावर सोडलं. जाताना सर्कल लागतं. तिथे ती नुसती हसली. मी सुलटाच वळसा घातला.

वर्लिनने सभेत पंधरा मिनिटं घेतली, असं म्हणतात. मी गेले नव्हते. पण डब सांगत होता, मध्येच गाडी थांबली. "पीळ कुठे भरतो" इथपर्यंत ठीक होतं, मग वर्लिन सर्कलचं ते कडंच चाचपत बसला. शेवटी सभेने विषय पुढच्या महिन्यावर टाकला. सर्कल तिथेच सभागृहात आहे. पायऱ्या उतरवायला कुणी तयार नाही.

जूनमध्ये एकदा पुन्हा भोंगा वाजला, बुधवारी. मी मांजर खोळीत घालून धावले, तर दार आधीच उघडं, आणि वर्लिन बाकावर, टोपी मांडीवर. चर्चबाहेर त्याला बिनटोपीचं मी पहिल्यांदाच बघितलं. टक्कल आहे. त्याने फोन लावला होता.

"लवॉन? मी खाली आहे. हो, आत. भोंगा वाजायच्या आधीच उतरलो. ट्वायला साक्षीला आहे." मग बराच वेळ ऐकत राहिला. "मग कधी येतेस?"

फोनमधून लवॉनचा आवाज मला स्वच्छ ऐकू आला.

"येते ना. पुढच्या शनिवारी."

तेव्हापासून शनिवारी बाराला भोंगा वाजला की वर्लिन ओट्यावर येतो, लवॉनच्या खुर्चीशेजारी उभा राहतो आणि घराच्या कडेने रस्त्याकडे बघतो. मग आत जातो. मी खिडकीतून बघते आणि लवॉनला फोन करते.

"आला का आज ओट्यावर?" ती विचारते.

"आला. पाचवा शनिवार झाला गं. आता तरी ये."

"पाच?" ती म्हणते. तिकडे मागे नॉर्मा जीन खळखळून हसत असते. "अजून तेवीस आहेत."